घराबाहेरचा बिनतारी तापमान सेन्सर : खानदेशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे माणसं भेटल्यावर आधी तब्येत विचारत नाहीत, आज किती होतं ते विचारतात. त्यासाठी बऱ्याच घरांत आता छोटा बिनतारी संच आलेला असतो : एक पांढरी डबी बाहेर आणि आकडे दाखवणारा पडदा आत. संच बहुतेक सारख्याच प्रतीचे असतात. आकड्यांत मोठा फरक पडतो तो डबी कुठे टांगली त्याने. मी जळगावात माझ्या घरी, चोपडा तालुक्यात माहेरी आणि नात्यागोत्यात अशा डब्या लावल्या आहेत, काही दोन-तीनदा हलवल्या आहेत. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

ही डबी नेमकं कशाचं तापमान दाखवते?

स्वतःचं. आत टाचणीच्या डोक्याएवढा एक भाग असतो, तो जितका तापला असेल तितका आकडा आतल्या पडद्यावर येतो. त्याला हवा लागते, तसं ऊनही लागतं, भिंतीची धगही लागते, अंगावर पडलेलं पाणीही लागतं. डबीला यातलं काही वेगळं करता येत नाही. म्हणून जागा अशी निवडायची की तिला फक्त वाहती हवा लागेल. पुढच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी हेच आहे.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर मे महिन्यात ५३ दाखवलं. खरंच एवढं होतं का?

नाही. भारतात हवामान खात्याने नोंदलेलं सर्वाधिक तापमान राजस्थानातल्या फलोदीचं आहे : १९ मे २०१६ रोजी ५१.० अंश. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ नेहमीचं, कधी त्याच्याही वर. ५३ हा हवेचा आकडा नाही, तो उन्हात तापलेल्या डबीचा आहे. गच्चीवर वरून ऊन, खालून स्लॅबची धग आणि बाजूला तापलेला कठडा अशी तिन्हीकडून भाजणी चालू असते. ज्या स्लॅबवर आपण कुरडया दोन दिवसांत कडकडीत वाळवतो, त्यावर ठेवलेली डबी दुसरं काय दाखवणार?

सरकारी केंद्रांवरही चूक होऊ शकते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवलं आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. तेव्हा घरच्या आकड्यावर गल्लीत पैज लावण्याआधी डबी कुठे आहे ते पाहून या.

पुस्तिकेत ‘उत्तरेच्या भिंतीला लावा’ असं लिहिलंय. तेवढं पुरेसं आहे ना?

खानदेशात नाही. हा मुद्दा मी जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक सगळे इथेच फसतात. मीही पहिल्या उन्हाळ्यात इथेच फसले होते.

या पुस्तिका प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. तिकडे सूर्य दुपारी कधीच डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेची भिंत बराच काळ सावलीत राहते. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, ते थेट २३ सप्टेंबरपर्यंत. मे महिन्याच्या मध्याला सूर्य सकाळी साडेदहाच्या सुमारापर्यंत आणि दुपारी सव्वादोननंतर पुन्हा आकाशाच्या उत्तर बाजूला असतो. २४ ते २७ मेच्या सुमारास तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणतात तो हाच. धुळ्याला तो आधी येतो, नंदुरबारला दोनेक दिवसांनी. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो.

म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याला खरा आकडा हवा असतो, नेमक्या त्याच महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. भिंतीला ते नुसतं चाटून जातं, पण भिंतीतून पुढे आलेल्या डबीला पश्चिमेकडून सरळ तिरीप लागते. आणि ही तिरीप येते दुपारी तीन-चारला, दिवसाचं कमाल तापमान नोंदलं जाण्याच्या वेळेला. माझ्या पहिल्या डबीचं हेच झालं. डिसेंबरात लावली तेव्हा ती दिवसभर गार सावलीत होती. एप्रिलपासून आकडे वर सरकू लागले आणि मी संचच खराब आहे असं समजून बसले. संच चांगला होता, सूर्य सरकला होता.

तेव्हा उत्तरेची भिंत चांगलीच, पण वर दीड-दोन फुटांचा छज्जा आणि पश्चिमेच्या अंगाला काहीतरी आडोसा हवा : पुढे आलेला खांब, शेजारच्या खोलीची भिंत, जिन्याचा कोपरा, काहीही. जागा ठरवायची तर डिसेंबरात ठरवू नका. मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी नऊला आणि दुपारी चारला तिथे जाऊन ऊन येतं का पाहा. आता हिवाळा असेल तर डबी तात्पुरती टांगा आणि मेमध्ये पुन्हा एकदा तपासा.

उत्तरेला जागाच नाही. मग?

पूर्व. सकाळी तिथे ऊन असतं आणि आकडा काही वेळ चढा येईल, पण दुपारी साडेबारानंतर पूर्वेची बाजू सावलीत जाते, त्यामुळे दिवसाचा कमाल आकडा बराच खरा मिळतो. सकाळी दहाचा आकडा मात्र मनावर घेऊ नका.

दक्षिणेबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मे-जूनमध्ये सूर्य इतका डोक्यावर असतो की छज्जा असेल तर दक्षिणेची भिंत जवळपास पूर्ण सावलीत राहते. हिवाळ्यात उलट होतं. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. म्हणून दक्षिणेचीच गॅलरी असेल तर दोन खिळे ठोका, एक पुढे छज्जाखाली आणि दुसरा आत एखाद्या आडोशाला. दिवाळीला डबी आत घ्यायची, होळीला पुढे आणायची. माझ्या नणंदेकडे असं चाललं आहे आणि वर्षभर आकडे समाधानकारक येतात.

पश्चिमेची भिंत कधीच नको. तिथे दुपारभर ऊन आणि दिवे लागल्यावरही कितीतरी वेळ भिंतीची धग.

उंची किती असावी? भिंतीला अगदी चिकटवली तर चालेल का?

हवामान केंद्रांत तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर असतो. घरी पाच-साडेपाच फूट, म्हणजे आपल्या डोक्याच्या आसपास, धरून चाला. जमिनीलगत दुपारी हवा फार तापलेली असते आणि पहाटे फार गार. छताच्या कोपऱ्यात कोंडलेली गरम हवा साचते, तिथेही नको.

भिंतीला चिकटवू नका. विटांची नि काँक्रीटची भिंत दिवसभर उष्णता पिऊन घेते आणि रात्रभर सोडत राहते. चिकटवलेली डबी रात्रीचं किमान तापमान दोन-तीन अंशांनी जास्त दाखवू शकते. खुंटीऐवजी लोखंडी पट्टी किंवा लाकडी दांडी बाहेर काढून अर्धा-एक फूट अंतर ठेवलं तरी फरक पडतो. गॅलरीच्या ग्रिलला आतून टांगणं हा फ्लॅटमधल्यांसाठी सोपा उपाय. ग्रिलवर ऊन येत नसेल तरच.

कूलरजवळ लावली तर काय बिघडतं?

सगळंच. आपल्याकडे खिडकीला लावलेला कूलर बाहेरून ओल्या गवतातून हवा ओढतो. त्याच्याजवळची हवा आजूबाजूपेक्षा गार आणि दमट असते, शिवाय शिंतोडे उडतात. डबी ३९ दाखवेल आणि रस्त्यावर ४४ असेल. एसीच्या बाहेरच्या यंत्राजवळ उलटं, ते गरम हवा फेकतं. स्वयंपाकघरातल्या धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याची तोंडं, गिझरचा पाइप, गाडी लावायची जागा यांपासूनही चार हात लांब. मोटारसायकल बाहेरून आली की इंजिन बराच वेळ तापलेलं असतं, हे पडवीत डबी लावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

अंगणातल्या लिंबाखाली टांगली तर?

दाट, जुन्या कडुलिंबाखाली सावली उत्तम असते. पण झाड पानांतून पाणी सोडतं, त्यामुळे त्याच्याखाली हवा थोडी गार असते. तुमच्या अंगणातली हवा जाणून घ्यायची असेल तर तो आकडा खराच आहे. फक्त तो गावाचा आकडा म्हणून सांगू नका. संध्याकाळी सडा टाकल्यावर आकडा झरकन उतरतो, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. फांदीला टांगायची असेल तर पानगळीच्या दिवसांत सावली राहते का तेही पाहा.

डबीला वरून काही झाकण करावं का?

करावं, आणि हे घरी होतं. हवामान केंद्रातली पांढरी, झडपांची लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. ती एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडच्या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याने तयार केली. ऊन अडवायचं आणि वारा खेळता ठेवायचा, एवढंच तिचं काम. आपल्या गोलार्धात तिचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे दार उघडल्यावर आत ऊन शिरत नाही.

घरगुती रूप असं : कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात बशा घ्या. सगळ्यात वरची अखंड ठेवा, बाकीच्यांच्या मधोमध डबी मावेल एवढं भोक पाडा. तीन लांब स्क्रूच्या सळ्या घालून, प्रत्येक दोन बशांमध्ये बोटभर फट राहील अशा त्या एकावर एक उलट्या बसवा. डबी मधल्या पोकळीत टांगा. वरच्या अखंड बशीवर एक-दोन इंच अंतर सोडून आणखी एक बशी बसवली तर वरचं ऊन दोनदा अडतं. बशा पांढऱ्याच हव्यात. दोन-तीन उन्हाळ्यांत त्या ठिसूळ होतात, मग बदलायच्या. अशी झडपांची तयार पेटीही विकत मिळते, पण बशांचं काम तिच्या फार मागे नाही.

काय करू नये तेही सांगते. डबीला चांदीचा कागद गुंडाळू नका. ऊन परततं हे खरं, पण डबी आतल्या पडद्याकडे आकडा रेडिओ लहरींनी पाठवते, धातूमुळे त्या लहरी अडतात आणि आत आकडा येणंच बंद होतं. बंद डब्यात, मीटरच्या पेटीत, झाकणाच्या बरणीत ठेवू नका. हवा कोंडली की सावलीतही आकडा वर जातो. माहेरी भावाने पावसाच्या भीतीने डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती, आणि महिनाभर आम्ही पिशवीतलं तापमान वाचत होतो.

ही लहर किती लांब जाते? आमचं घर जुनं, धाब्याचं आहे.

खोक्यावर साठ-शंभर मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच संचांची लहर ४३३ मेगाहर्ट्झची असते. ती एक-दोन विटांच्या भिंती पार करते. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीतून थोडी दमते, ओल्या भिंतीतून जास्त. सळ्यांचा स्लॅब ती बऱ्यापैकी खातो. पत्रा मात्र जवळपास पूर्ण अडवतो, मग ते पत्र्याचं छत असो, लोखंडी शटर असो की कपाट. पत्र्याच्या खोलीत आतला पडदा ठेवायचा असेल तर तो खिडकीच्या समोर ठेवा, लहर खिडकीतून येऊ द्या.

डबी उभीच टांगा, आडवी नको. आतली तार त्या हिशोबाने बसवलेली असते. आतला पडदा फ्रीजवर, टीव्हीच्या मागे किंवा वाय-फायच्या डबीला चिकटून ठेवू नका. आणि भोक पाडण्याआधी डबी त्या जागी सुतळीने बांधून दिवसभर आकडा येतो का पाहा. ड्रिल नंतर.

आत अचानक शेजाऱ्यांचं तापमान दिसायला लागलं. असं होतं का?

कॉलनीत घरं लागून असली की होतं. सेलच्या झाकणाखाली बहुधा १, २, ३ असं बटण असतं, दोघांनी वेगळा आकडा ठेवायचा. पुष्कळ डब्या सेल बदलले की नवा ओळख-क्रमांक घेतात, त्यामुळे आतला पडदा जुन्याची वाट पाहत बसतो आणि रेघा दाखवतो. सेल बदलताना डबी घरात आणा, आधी तिच्यात सेल घाला, पडद्याने तिला ओळखलं की मगच बाहेर नेऊन टांगा.

सेल कोणते घालायचे?

अल्कलाइन. स्वस्तातले साधे सेल उन्हाळ्यात पाझरतात आणि पट्ट्या गंजवतात. अल्कलाइन सेलसुद्धा साधारण ५४ अंशांपर्यंतच वापरण्यासाठी बनवलेले असतात. उन्हात पडलेली बंद डबी ती मर्यादा सहज ओलांडते, म्हणजे सावली आकड्यासाठी हवी तशीच सेलसाठीही. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यावर काही डब्या चालतात, काही लगेच ‘सेल संपला’ची खूण दाखवतात. बर्फाळ प्रदेशासाठी सुचवलेले महागडे लिथियम सेल इथे घ्यायची गरज नाही.

पावसाळ्यात काढून ठेवायची का?

नको. छज्जाखाली असेल तर राहू द्या. डबीवर शिंतोडे चालतात, धार चालत नाही. सेलचं झाकण खाली किंवा भिंतीकडे येईल असं टांगा. वळवाच्या वादळात पाऊस आडवा येतो आणि डबी भिजते. भिजलेली डबी वारा लागला की माठासारखी गार होते आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. तास-दोन तासांत वाळली की पूर्ववत.

पावसाहून जास्त त्रास जिवांचा. फटींतून मुंग्या शिरतात, कोळी जाळी करतो, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. मे महिन्यातल्या वावटळीनंतर धुळीचा थर बसतो तो वेगळाच. महिन्यातून एकदा काढून कोरड्या रंगाच्या ब्रशने झटका. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरांचा वावर असतो, तिथे डबी नुसती खिळ्याला अडकवू नका, तारेने बांधा.

पेपरात जळगाव ४३.८ आणि आमच्याकडे ४५.१. कोण चूक?

कदाचित कुणीच नाही. हवामान केंद्र मोकळ्या जागी, मातीवर, पांढऱ्या पेटीत मोजतं. तुमची गल्ली सिमेंटच्या रस्त्याची, दोन्हीकडे दुमजली घरांची. एक-दीड अंशाचा फरक शहरात असतोच. शिवाय या घरगुती डब्यांची स्वतःची चूक साधारण एक अंश इकडे-तिकडे मान्य धरलेली असते.

वेळेचाही फरक असतो. हवामान खातं किमान तापमान सकाळी ८.३० ला आणि कमाल संध्याकाळी ५.३० ला वाचून नोंदवतं. तुमच्या पडद्यावरचे कमाल-किमान आकडे मध्यरात्री किंवा तुम्ही बटण दाबाल तेव्हा पुसले जातात. आणि मोबाइलवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा कुठल्याच तापमापकाचा नसतो, मोठ्या भूभागासाठी गणिताने काढलेला अंदाज असतो.

चार-पाच अंशांचा फरक रोज दुपारी येत असेल तर मात्र जागा चुकली आहे. तो फरक फक्त उन्हाच्या दिवशी येतो आणि ढगाळ दिवशी नाहीसा होतो का पाहा. होत असेल तर कुठून तरी ऊन लागतं आहे, हे नक्की समजा.

डबी बरोबर दाखवते हे घरी कसं तपासायचं?

दोन गोष्टी. रात्री झोपताना बाहेरची डबी आणि आतला पडदा एकाच टेबलावर शेजारी ठेवा, पंखा चालू ठेवा, सकाळी दोन्हींचे आकडे बघा. साधा खोलीचा तापमापक असेल तर तोही शेजारी ठेवा. अर्ध्या-एक अंशाचा फरक चालेल. दुसरी तपासणी बर्फाची : बर्फ बारीक कुटून थोडं पाणी घाला, काला झाला पाहिजे. डबी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून त्यात पुरा, अर्धा-पाऊण तास थांबा. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. लहर न पोचल्यामुळे आत आकडा येत नसेल तर पडदा जवळ आणा.

घाई करू नका. प्लास्टिकच्या डबीला नव्या जागेची हवा अंगात भिनायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात. हातात धरून आकडा पाहिला तर हाताची ऊब वाचाल.

आर्द्रता २० वर अडकून राहते. बिघडली का?

बहुतेक नाही. मेच्या दुपारी आपल्याकडची हवा फार कोरडी असते आणि पुष्कळ डब्या २० च्या खाली वाचतच नाहीत, तिथेच थांबतात किंवा रेघा दाखवतात. तपासायचं असेल तर एका झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ पाण्याने चिखलासारखं ओलं करून ठेवा, डबी त्याला न लागता शेजारी ठेवा, झाकण लावून सहा-आठ तासांनी पाहा. ७५ च्या जवळपास आलं पाहिजे. आर्द्रतेचा आकडा जून-जुलैत खरा कामाला येतो : बाहेरची हवा दमट झाली की कूलर गारवा देत नाही, नुसता चिकटपणा वाढवतो, तेव्हा पाणी बंद करून पंखाच बरा.

हिवाळ्यात शेतावरची डबी गावातल्या डबीपेक्षा तीन-चार अंश कमी दाखवते. असं का?

ते खरंच असतं. निरभ्र रात्री मोकळी जमीन आपली उष्णता आकाशात सोडून लवकर गार होते आणि गार, जड हवा सखल भागात, नाल्याकाठी साचते. गावात भिंती आणि रस्ते रात्रभर ऊब सोडत असतात. डिसेंबरात शेतावर भरीत-पुरीला गेलेल्यांना स्वेटर का लागतो, याचं उत्तर हेच. मात्र डबी वर छप्पर नसताना उघड्या आकाशाखाली असेल तर ती स्वतःही हवेपेक्षा जास्त गार होते. म्हणून रात्रीसाठीसुद्धा डोक्यावर छज्जा किंवा बशी हवीच.

तोरणमाळला नातेवाईक असतील तर त्यांच्या आकड्याशी तुलना करू नका. उंचीवर दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतातच.

केळीच्या बागेत लावली तर विम्याला उपयोग होईल का?

विम्याला नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई तुमच्या महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. घरच्या डबीचा फोटो तिथे चालत नाही, आणि या भरवशावर कुणी राहू नये म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

शेतकऱ्याला स्वतःला मात्र उपयोग आहे. रावेर, यावल, चोपड्याकडच्या बागांत थंडीत पारा दहाच्या खाली सरकू लागला की पहाटे पाणी द्यायचं का, शेकोट्या करून धूर करायचा का, हे ठरवावं लागतं. बागेच्या आत पानांखाली आणि बांधावर शेवरीच्या बाजूला आकडे वेगळे येतात. एकच डबी असेल तर बागेच्या सखल कोपऱ्यात, घडाच्या उंचीला, पानांच्या सावलीत लावा. गारठा आधी तिथेच येतो. घर शेतापासून लांब असेल तर साध्या संचाची लहर पोचणार नाही. तिथे आकडे स्वतः साठवून ठेवणारी किंवा मोबाइलच्या सिमवर चालणारी डबी लागेल.

घरात या आकड्याचा रोज काय उपयोग?

खिडक्या कधी उघडायच्या हे कळतं. मला यासाठीच हा संच हवासा वाटतो. दुपारी बाहेर ४४ आणि आत ३६ असताना ‘हवा येऊ द्या’ म्हणून खिडक्या उघडणं म्हणजे झळा आत बोलावणं. माझी आजी ‘कितलं ऊन पडी ऱ्हायनं’ म्हणत सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लोटून घ्यायची आणि दिवेलागणीनंतर उघडायची. तिच्या अंगाला जे कळत होतं ते आता पडद्यावर दोन आकडे शेजारी दिसतं : बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की उघडा, वर चढला की लावा.

आमच्याकडे मे महिन्यात ही अदलाबदल रात्री साडेआठ ते दहाच्या मध्ये होते आणि सकाळी आठ-साडेआठला उलटते. स्लॅबच्या घरात रात्री बाहेरची हवा उतरली तरी खोली तापलेलीच असते, तेव्हा खिडकीत पंखा बाहेरच्या तोंडाने लावला तर समोरच्या खिडकीतून गार हवा आत येते. डबी जर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटलेली असेल तर ती ही वेळ तास-दीड तास उशिरा दाखवते, आणि तेवढा वेळ म्हातारी माणसं नि लहान मुलं विनाकारण कोंदट खोलीत घामाने भिजत बसतात. आमच्याकडे पहिला उन्हाळा तसाच गेला. डबी उत्तरेच्या छज्जाखाली, खांबाच्या आडोशाला नेली, तेव्हापासून साडेआठ वाजले की सासूबाई स्वतःच पडदा बघून खिडक्या उघडतात.